कापड आधी, भिंत शेवटी: खोली सजवण्याचा बरोबर क्रम

भिंती रंगवून झाल्या, रिकामे डबे बाहेर गेले, आणि मग माणसं पडद्याचं कापड शोधायला निघतात. दुकानदार ताक्यांवर ताके उलगडत जातो. एकाचा निळा भिंतीच्या निळ्याशी भांडतो, दुसऱ्याचा पोत बरा पण रंग मळकट, तिसरा चालला असता पण त्यात नको ती हिरवी झाक. शेवटी "जाऊ दे, पांढरा घेऊ" यावर गाडी थांबते. खोली वाईट दिसत नाही, पण कुणी मन लावून सजवली आहे असंही वाटत नाही.

अशा वेळी माणसं स्वतःच्या आवडीला दोष देतात. घोडं पेंड खातं ते क्रमात. भिंतीचा रंग यंत्रावर हजारो छटांत मिसळून मिळतो, आणि नाही जमला तर पुन्हा एक हात मारता येतो. कापड मात्र ताक्यावर असेल तेच घ्यावं लागतं. म्हणून ज्यात निवडीला वाव कमी ते आधी ठरवायचं आणि ज्यात वाव जास्त ते शेवटी: उजेड, न बदलणाऱ्या वस्तू, कापड, पोतांची जुळवणी आणि सगळ्यात शेवटी भिंत.

प्रत्यक्ष काम करताना भिंत पहिलीच रंगवायची असते. ठरवण्याचा क्रम आणि करण्याचा क्रम एकमेकांच्या उलट आहेत. हे दोन एकत्र केले की आधी कळस मग पाया.

टप्पा १: काहीही विकत घेण्याआधी खोलीची नोंद

वही, मोजपट्टी आणि कोरा पांढरा कागद एवढं पुरे.

आधी खोलीत जे बदलणार नाही त्याची यादी करा: फरशी, दार-खिडक्यांच्या चौकटी, मोठं कपाट, ठेवायचाच असलेला सोफा. प्रत्येकाला पांढरा कागद लावून बघा. कागद शेजारी आला की वस्तूची खरी झाक उघडी पडते. इतकी वर्षं पांढरी वाटलेली फरशी पिवळसर निघते, करडी वाटलेली जांभळट. वहीत "तपकिरी कपाट" असं लिहून ठेवून उपयोग नाही. "तांबूस तपकिरी" किंवा "पिवळट तपकिरी" असं लिहा, कारण पुढे कापड या झाकेशी जुळवायचं आहे.

फरशी लोक हमखास विसरतात. ती आपल्याला जमीन वाटते, रंग वाटत नाही. पण भिंती सोडल्या तर खोलीतलं एवढं मोठं रंगीत क्षेत्र दुसरं कोणतं असतं?

मग उजेड. थेट ऊन किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, कुठवर पोचतं ते लिहा. ज्या खोलीत थेट ऊन येतच नाही तिथे आकाशाचा निळसर उजेड दिवसभर असतो. अशा खोलीत करडा निळा दिसतो आणि फिका पिवळा हिरवट. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उलट होतं: तांबडे-पिवळे रंग उजळतात, निळे मलूल पडतात.

रात्रीचा उजेड आपल्या हातात असतो, तरी तो सगळ्यात शेवटी ठरवला जातो. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो. २७०० केल्विन म्हणजे ऊबदार पिवळसर, ४००० म्हणजे साधारण तटस्थ पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. शेजारी सीआरआय हा दुसरा आकडा असतो. रंग किती खरे दिसतात याचं ते माप, १०० पैकी. ८० चा दिवा चालतो, पण रंगीत कापडं असलेल्या खोलीत ९० किंवा त्याहून वरचा घ्या. स्वस्त दिव्याखाली तांबडे रंग सगळ्यात आधी मरतात.

*सावध:* एकाच खोलीत तीन दिवे तीन प्रकारचे असतील, तर पुढचं काही करण्याआधी ते सारखे करा. दोन कापडं दुकानात अगदी जुळी दिसतात आणि घरी दिव्याखाली सावत्र. दोन्हींचा रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेला असला की असं होतं: एका उजेडात जुळतो, दुसऱ्यात फुटतो. जुळणी पक्की करायची ती ज्या उजेडात तुम्ही त्या खोलीत सर्वाधिक वेळ बसता त्याच उजेडात.

टप्पा २: कापड कुठे जाणार, त्यावरून ते कसलं हवं

रंग बघण्याआधी काम बघा. इथे एक गोंधळ मिटवून घेऊ. सुती, लिनन, रेशीम, लोकर, पॉलिएस्टर ही धाग्यांची नावं. सॅटिन, मखमल, ट्विल ही विणण्याच्या पद्धतींची नावं. "मखमल टिकते का?" या प्रश्नाला उत्तर नाही. कशाची मखमल? सुती, रेशमी आणि पॉलिएस्टरची मखमल ही तीन वेगळ्या स्वभावाची कापडं आहेत. दुकानात दोन प्रश्न विचारायचे: धागा कशाचा, आणि वीण कोणती.

धाग्यांचे स्वभाव थोडक्यात. सुती कापड आटतं. आधी न आटवलेलं पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के सहज कमी होतं. लिननला सुरकुत्या पडणारच, कारण त्या धाग्यात लवचीकपणा नाही. सुरकुती खुपत असेल तर लिननच्या वाटेला जाऊ नका, इस्त्री करून जन्म जाईल. रेशीम उन्हाने विटतं आणि कमकुवत होतं, म्हणून उन्हातल्या खिडकीला लावायचंच असेल तर मागे अस्तर हवं. व्हिस्कोस दिसायला रेशमासारखं मऊ, पण ओलं झालं की त्याची ताकद बरीच उतरते. रोज सांडलवंड होणाऱ्या सोफ्यावर ते नको. पॉलिएस्टर उन्हाला आणि धुण्याला दाद देत नाही, पण तेलाचा डाग धरून ठेवतं. मिश्र धाग्यांची कापडं अनेकदा सगळ्यात शहाणी निवड असतात. त्यांना उगीच नाक मुरडलं जातं.

सोफ्याच्या कापडाच्या नमुनावहीत मार्टिनडेल नावाचा आकडा असतो. कापड घासून घासून किती फेऱ्या टिकलं, ते तो सांगतो. १०,००० च्या आतलं कापड शोभेच्या उशांना. रोजच्या सोफ्याला २०,००० च्या पुढचं बघा. मुलं आणि पाळीव प्राणी असतील तर ३०,००० च्या आसपास. पडद्यासाठी हा आकडा निरर्थक आहे, कारण पडद्यावर कुणी बसत नाही. तिथे रंग उन्हात किती टिकतो ते विचारा. ती मोजपट्टी १ ते ८ अशी असते आणि उन्हाच्या खिडकीला ५ च्या खाली उतरू नये.

आकडे मिळाले नाहीत तर घरी तीन चाचण्या करा.

१. ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड दहा वेळा घासा. फडक्याला रंग लागला तर ते फिक्या सोफ्याशेजारी नको.
२. १० × १० सेंटिमीटरचा चौकोन आखून तुकडा धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. किती आटतं ते कळेल.
३. दोन्ही हातांनी अंगठे रोवून वीण ओढा. धागे सरकून फट पडली तर सोफ्याच्या शिवणीत तीच फट पडेल.

*तपासणी:* मांजर असेल तर वळ्यांची, म्हणजे सुटे फासे वर दिसणारी वीण टाळा. तिची नखं त्यात अडकतात. लव कापलेली दाट मखमल त्या मानाने टिकते, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं.

टप्पा ३: एक म्होरक्या निवडा

खोलीतल्या सगळ्या रंगांची सूत्रं एका कापडाच्या हाती द्यायची. मी त्याला म्होरक्या म्हणते. तीन ते पाच रंग असलेलं, नक्षीचं, तुम्हाला मनापासून आवडलेलं एक कापड. ते पडद्याला जाईल, एखाद्या खुर्चीला जाईल किंवा दोन उशांपुरतंच राहील. आकार महत्त्वाचा नाही. बाकीची कापडं आणि भिंत यांचे रंग त्यातून उचलायचे. ते कापड विणणाऱ्या-छापणाऱ्याने रंगांचा मेळ आधीच बसवलेला असतो. त्याच्या मेहनतीचा फायदा घ्या.

निवडताना कापड हातात धरून बघू नका. कुणाला तरी धरायला सांगा आणि तीन मीटर मागे जा. बारीक नक्षीतले रंग दुरून एकमेकांत मिसळतात. जवळून तांबड्या-हिरव्या ठिपक्यांचं सुरेख दिसणारं कापड दुरून चिखली तपकिरी होतं. खोलीत आपण ते दुरूनच बघणार असतो.

तळहाताएवढा नमुना खोटं बोलतो. निदान एक मीटर कापड घ्या. पडद्यासाठी असेल तर चुण्या घालून खिडकीशी टांगा, कारण चुण्यांच्या सावल्यांमुळे रंग गडद होतो. सोफ्यासाठी असेल तर सपाट पसरा. आठवडाभर तसंच राहू द्या आणि येता-जाता बघा. चौथ्या दिवशी कंटाळा आला तर एका मीटरवर सुटलात.

शेजाऱ्याचा परिणामही इथेच कळतो. पॅरिसच्या गोबेलिन्स विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख असलेल्या मिशेल शेव्ह्रल यांच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासलं तर रंगाईत दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. तुमच्या सोफ्यावर हेच होतं. करडी उशी तांबड्या सोफ्यावर हिरवट दिसते आणि आपण उशीला नावं ठेवतो. कापड एकटं बघून पसंत करायचं नाही. ज्याच्या शेजारी राहणार, त्याच्या शेजारी ठेवून बघायचं.

म्होरक्या ठरला की साथीदार. नक्षीची तीन कापडं एकत्र आणायची तर त्यांची मापं वेगळी ठेवा: एक मोठी नक्षी, एक मध्यम, एक बारीक. दोन सारख्याच मापाच्या नक्ष्या एकमेकींवर आवाज चढवतात. रंग मात्र निदान एक तरी तिघांत सामायिक हवा. रेघांचं कापड कुणाशीही जमवून घेतं. अडलात की रेघा आणा.

प्रमाणाबद्दल ६०-३०-१० हा नियम सर्वांच्या तोंडी असतो: साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुय्यम, दहा टक्के ठसठशीत. अंदाजासाठी ठीक आहे. पण टक्के क्षेत्रफळाचे असतात, वस्तूंच्या संख्येचे नाहीत. "माझ्या दहा वस्तूंपैकी एकच लाल आहे" असं म्हणणाऱ्याची ती एक वस्तू गालिचा असते, आणि खोली लालेलाल होते.

टप्पा ४: पोतांची जुळवणी

खोली "काहीतरी कमी आहे" अशी वाटते तेव्हा बहुतेक वेळा रंग कमी नसतो, पोत कमी असतो. लोक मग आणखी एक रंग आणतात आणि घोटाळा वाढवतात.

रंग आणि पोत वेगळे नाहीत, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. एकाच रंगात सॅटिन, साधं सुती आणि मखमल असे तीन तुकडे शेजारी ठेवा. सॅटिनमध्ये लांब सुटे धागे पृष्ठभागावर सपाट पडलेले असतात. ते उजेड एका दिशेने परतवतात, म्हणून एका कोनातून पांढरी चमक आणि दुसऱ्यातून खोल रंग. सुती कापडावर उजेड विखुरतो, रंग जसाच्या तसा पण थोडा सपाट. मखमलीच्या उभ्या लवेत उजेड शिरतो आणि अडकतो, म्हणून तोच रंग दोन छटांनी गडद. मखमलीवर हात फिरवा. लव एका बाजूला झुकली की फिका, दुसरीकडे झुकली की गडद. सोफ्याचे सगळे तुकडे एकाच दिशेची लव ठेवून कापले नाहीत, तर एका ताक्याचा सोफा दोन रंगांचा दिसतो. कारागिराला हे बजावून सांगा आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने बाण काढायला लावा.

पोत मी पाच गटांत बघते: गुळगुळीत-चमकदार (सॅटिन, रेशीम), बारीक सपाट (सुती, पॉप्लिन), भरड (ताग, जाड लिनन), लवदार (मखमल, लोकरीचा गालिचा) आणि झिरझिरीत (व्हॉइल, जाळी). एका खोलीत यातले तीन गट पुरतात, चार चालतात. सगळं भरड झालं तर खोली गोदामासारखी कोरडी वाटते. सगळं चमकदार झालं तर प्रत्येक वस्तू "माझ्याकडे बघा" म्हणते आणि डोळा कुठेच टेकत नाही. चमक चिमूटभरच.

रंग जितके कमी, तितके पोत जास्त हवेत. पूर्ण खोली फिक्या मातकट छटांत असेल तर तिला जाड विणीचा पडदा, लवदार गालिचा आणि एखादी रेशमी उशी हवीच, नाहीतर ती रिकामी वाटते. उलट, म्होरक्या भडक आणि पाच रंगांचा असेल तर बाकीचे पोत शांत ठेवा.

आता दिव्याची जागा. पोत दिसतो तो सावलीमुळे. धाग्याच्या उंचवट्याची बारीकशी सावली पडते, ती दिसली की कापड जाड, मऊ, खरखरीत वाटतं. ही सावली तिरप्या उजेडात पडते. छताच्या मध्यावरच्या एकाच दिव्याने खोली सारखी उजळते आणि सगळे पोत पुसले जातात. भारीतलं भरड कापड आणून वर एकच सपाट दिवा लावला, तर खर्च वाया गेला. एक दिवा बाजूला ठेवा, बसल्यावर खांद्याच्या उंचीचा. आणि पोताचा खर्च खिडकीच्या बाजूच्या भिंतीजवळ करा, जिथे दिवसाचा उजेड घासून जातो.

हाताला काय लागतं तेही बघा. मानेमागे येणारी उशी, अनवाणी पाय टेकतो तो गालिचा, हात ठेवतो तो खुर्चीचा कठडा, या जागी मऊ. पडदा, दिव्याची छत्री, कोपऱ्यातली टोपली इथे भरड खुशाल. तागाच्या उशा फोटोत झकास दिसतात. त्यांना टेकून अर्धा तास बसून दाखवा, मग बोलू.

*तपासणी:* सगळे नमुने एका पांढऱ्या चादरीवर मांडून मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा. रंग गेले की दोन गोष्टी उरतात: गडद-फिकेपणा आणि पोत. फोटोत सगळं एकाच करड्यात विरघळलं तर खोली सपाट होणार. एखादं कापड गडद करा किंवा एक पोत बदला, आणि पुन्हा फोटो काढा.

टप्पा ५: आता भिंत

इथवर आलात तर हा टप्पा सोपा आहे, कारण भिंतीचा रंग म्होरक्यात आधीच आहे. फक्त त्यातला सगळ्यात जोरकस रंग भिंतीला लावू नका. पार्श्वभूमीचा रंग उचला, नक्षीच्या मागे जो गपचूप बसलेला असतो तो.

रंगकार्डावरचा तुकडा चार भिंतींवर पसरला की जास्त गडद आणि जास्त तीव्र भासतो, कारण भिंती एकमेकींवर रंग फेकतात. म्हणून कार्डावर आवडलेल्या छटेच्या शेजारची, थोडी फिकी किंवा थोडी करडी छटाही आणा आणि दोन्ही लावून बघा.

नमुना जुन्या भिंतीवर लावू नका. जुना रंग शेजारी राहिला की डोळा फसतो. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या, कडेने पांढरी पट्टी सोडा, पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावरून मत बनवायचं नाही. वाळलेला पुठ्ठा उभा धरून, पुढे म्होरक्या टांगून, सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली बघा. प्रत्येक भिंतीपाशी न्या, कारण खिडकीसमोरची भिंत आणि खिडकीची भिंत यांवर तोच रंग वेगळा पडतो.

रंगाची चकाकी हाही भिंतीचा पोतच. मॅट रंग भिंतीचे खड्डे-उंचवटे झाकतो, पण त्यावर उमटलेले हातांचे डाग पुसताना पसरतात. चकाकी जितकी जास्त, तितकं पुसणं सोपं आणि भिंतीचे दोष तितके उघडे. खिडकीलगतच्या खडबडीत भिंतीला चकचकीत रंग कधीही नको.

*सावध:* पांढऱ्याला पांढरा जुळवणं सगळ्यात अवघड. जवळजवळ सारखे दोन पांढरे शेजारी आले की त्यातला एक मळलेला दिसतो. एकतर अगदी तोच पांढरा, नाहीतर उघडपणे वेगळा.

टप्पा ६: मोजमाप आणि खरेदी

दांडा आधी बसवा, मग मोजा. खिडकी मोजून शिवलेले पडदे आखूड निघतात, आणि मग शिंप्याला बोल लावून काय उपयोग? दांडा चौकटीच्या १५ ते २० सेंटिमीटर वर आणि दोन्ही बाजूंना साधारण २० सेंटिमीटर बाहेर असू द्या. उघडल्यावर पडदे भिंतीवर विसावतात आणि काच पूर्ण मोकळी राहते.

पूर्ण हिशेब एका उदाहरणाने करू. दांडा १८० सेंटिमीटर. कड्यांच्या पडद्याला दुप्पट कापड लागतं, म्हणजे ३६०. (चुण्यांना दुप्पट ते अडीचपट, झिरझिरीत कापडाला अडीच ते तिप्पट.) कापडाचा पन्हा, म्हणजे ताक्यावरची रुंदी, १३७ सेंटिमीटर. ३६० भागिले १३७ म्हणजे २.६, पन्हे अर्धवट मिळत नाहीत, म्हणून ३. तयार पडद्याची उंची २२५, वरची-खालची दुमड ३५, एकूण काप २६०. तीन काप म्हणजे ७.८ मीटर. हे साध्या कापडाचं.

नक्षी असेल तर प्रत्येक काप नक्षीच्या एकाच जागेपासून सुरू व्हायला हवा. नक्षी दर ६४ सेंटिमीटरनी पुन्हा येते असं धरा. २६० मध्ये ६४ चार वेळा जाऊन चार सेंटिमीटर उरतात, म्हणून पाच नक्ष्या मोजाव्या लागतात: ३२० सेंटिमीटरचा एक काप, तीन काप ९.६ मीटर. केवळ चार सेंटिमीटरसाठी जवळजवळ दोन मीटर कापड कचऱ्यात. दुमड ३५ ऐवजी ३१ केली की काप २५६ चा, नेमक्या चार नक्ष्या, तीन काप ७.६८ मीटर. हा हिशेब दुकानदार तुमच्यासाठी करेलच असं नाही. पहिला काप नक्षीच्या हव्या त्या जागेवर आणायला एक नक्षी जादा घ्या.

कापड आटणारं असेल तर कापण्याआधी धुऊन घ्या, आणि तेवढं जादा मोजा. २२५ च्या पडद्यात ४ टक्के म्हणजे ९ सेंटिमीटर. जमिनीला लागणारा पडदा पहिल्या धुण्यानंतर घोट्याच्या वर जाऊन बसतो.

*तपासणी:* सगळं कापड एकाच खेपेत घ्या आणि ताक्यावरचा रंगाईचा घाणा क्रमांक बघा (एका वेळी एकत्र रंगवलेलं कापड म्हणजे एक घाणा). वेगळ्या घाण्याचं तेच कापड किंचित वेगळं असतं. आधी दोन मीटर आणि महिन्याने आणखी एक, असं केलं की दोन पडदे जन्मभर एकमेकांकडे परकेपणाने बघतात. माझ्या बैठकीच्या खोलीत अशी एक जोडी आहे.

कापण्याआधी प्रत्येक मीटर उजेडात धरून बघा. विणीतला दोष कापण्याआधी दाखवला तर ताका बदलून मिळतो, कापल्यावर बहुधा नाही.

टप्पा ७: प्रत्यक्ष काम

१. छत, मग भिंती, मग चौकटी. रंग पूर्ण वाळेपर्यंत कापड खोलीत आणायचं नाही.
२. दिवे बसवा, बाजूचा दिवा धरून.
३. दांडा लावा आणि उंची पुन्हा मोजा, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. जमीन सगळीकडे सारखी असेलच असं नाही.
४. पडदे शिवून घ्या, पण खालची दुमड फक्त टाचलेली ठेवा. तीन-चार दिवस टांगून ठेवले की कापड स्वतःच्या वजनाने उतरतं, लिनन आणि सैल विणीचं तर नक्कीच. मग जमिनीपासून १ सेंटिमीटर वर पक्की दुमड घाला.
५. सोफा, त्यानंतर गालिचा. सोफ्याचे पुढचे पाय तरी गालिच्यावर यायला हवेत. खोलीच्या मध्ये एकटा तरंगणारा छोटा गालिचा खोली लहान करतो. खाली न घसरणारं अस्तर घाला.
६. उशा सगळ्यात शेवटी.

पडद्याचं कापड शेगडी आणि हीटरपासून लांब ठेवा. वाऱ्याने पडदा किती उडतो ते खिडकी उघडून एकदा बघून घ्या.

टप्पा ८: उशा, आणि उरलेले तुकडे

उशी मरगळलेली दिसते ती आतल्या भरावामुळे. ४० सेंटिमीटरच्या अभ्र्यात ४५ चा भराव घाला. अभ्रा ताणून भरतो, कोपरे उभे राहतात आणि कापडाचा पोत उठून दिसतो.

ठसठशीत रंग खोलीत तीन जागी यावा, आणि तीन वेगळ्या उंचीवर: उशीत, दिव्याच्या छत्रीत, पडद्याच्या किनारीत. एकाच सोफ्यावर तिन्ही रचले तर ढीग दिसतो. सगळं मांडून झाल्यावर एक उशी उचलून खोलीबाहेर ठेवा. दोन दिवसांत तिची आठवण आली तर परत आणा.

प्रत्येक कापडाचा हातभर तुकडा राखून ठेवा. त्याला चिठ्ठी टाचा: धागा, कापडाचं नाव, घाणा क्रमांक, धुण्याची पद्धत. भिंतीच्या रंगाचा क्रमांक आणि चकाकीचा प्रकार त्याच चिठ्ठीवर. डाग काढायचं नवं औषध आधी त्या तुकड्यावर लावून बघायचं, सोफ्यावर नाही. तुकडा अंधाऱ्या कपाटात ठेवा. दोन वर्षांनी पडद्याला लावून बघितला की ऊन किती रंग खाऊन गेलं ते लगेच दिसतं, आणि पुढच्या वेळी त्या खिडकीला अस्तर लावायचं की नाही तेही ठरतं.